गोल्ड डिस्कची फ्रेम: अस्सल कशी ओळखायची, उघडावी का?

पेठकर७८: मंडळी, जुन्या बाजारात गोल्ड डिस्कच्या, म्हणजे रेकॉर्डच्या मोठ्या खपाबद्दल मिळणाऱ्या सन्मानाच्या, दोन फ्रेम पाहिल्या. पहिलीत सोनेरी एलपी, खालच्या पट्टीवर आरआयएए (हा सन्मान देणारी अमेरिकेतली रेकॉर्ड कंपन्यांची संघटना) आणि १९७८, शिवाय होलोग्राम. डिस्क सुटून खाली टेकलीय. दुसरी एचएमव्हीची, डिस्क कापडावर बसवलेली, काचेला आतून बुरशीचे ठिपके. दोन्हींचे ३० हजार सांगतोय. घ्यावी का? आणि मागून उघडली तर किंमत जाते का?

धावपट्टी: पहिल्या फ्रेममध्ये होलोग्रामच घोळ करतोय. आरआयएएच्या फ्रेमवर होलोग्राम १९८५ पासून आला. १९७८ च्या विक्रीची फ्रेम आणि त्यावर होलोग्राम, म्हणजे ती नंतर मागवलेली तरी आहे, नाहीतर जोडकाम तरी. नंतर मागवलेली बनावट ठरत नाही, पण त्या काळातल्या फ्रेमचा भाव तिला द्यायचा नाही. त्यांच्या संकेतस्थळावर अल्बमच्या प्रमाणपत्राची तारीख मिळते, ती पट्टीशी ताडून बघा. गोल्डच्या वरचा प्लॅटिनम दर्जा १९७६ ला सुरू झाला, त्याच्याही वरचा मल्टी-प्लॅटिनम १९८४ ला. त्याआधीची तारीख घालून कोणी विकत असेल तर सरळ पुढच्या गाळ्यावर जायचं.

लोक डिस्कवरच्या गाण्यांच्या पट्ट्या मोजतात आणि लेबलशी जुळल्या नाहीत की ‘नकली’ म्हणून मोकळे होतात. अस्सल फ्रेममध्येही हाताशी असेल ती रेकॉर्ड मुलामा देऊन लावलेली सापडते. त्यावरून निकाल देऊ नका.

नाना_फ्रेमवाले: उघडण्याआधी पाठीचे फोटो काढा: कागद, खिळे, फ्रेम बनवणाऱ्याचा स्टिकर. जुन्या लाकडात गंजके खिळे असतील तर गंजाचा डाग लाकडातही उतरलेला दिसतो. जुना कागद आणि चकचकीत स्टार स्क्रू एकत्र दिसले तर फ्रेम आधी उघडलेली आहे. पाठीचा कागद कडेने ब्लेडने कापा, फेकू नका, परत चिकटवता येतो.

डिस्क चिकटवायला न्यूट्रल क्युअर सिलिकॉन, वाटाण्याएवढे तीन ठिपके, फ्रेम आडवी ठेवून २४ तास. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन अजिबात नको, त्यातलं ॲसिड धातूचा मुलामा खातं. आणि ब्रासो तर लांबच ठेवा! मुलाम्याचा थर इतका पातळ असतो की दोन हात फिरवले की खालचं काळं व्हिनाइल वर येतं. मऊ ब्रशने धूळ झटकायची, बस.

बुरशी काचेला असेल तर काच बाहेर काढून स्पिरिटने पुसा. कापडावर असेल तर कोरडा ब्रश, मास्क लावून, उघड्यावर.

धावपट्टी: आत सिलिका जेलची पुडी टाकली तर?

नाना_फ्रेमवाले: जूनमध्ये टाकलीत तर ऑगस्टपर्यंत तीच दमट होऊन बसते. त्यापेक्षा काच आणि डिस्कमध्ये ५ मिमीची पट्टी द्या, खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावा म्हणजे भिंतीमागे हवा खेळते. पावसाचा मारा झेलणाऱ्या भिंतीवर टांगू नका.

उलटी_अक्षरं: एचएमव्हीच्या फ्रेमकडे कोणी बघितलंच नाही. तिथे लोहचुंबक न्या. चिकटला तर आत निकेलचा साचा असण्याची शक्यता आहे. मग टॉर्च तिरपा धरून लेबलभोवतीच्या कोऱ्या पट्टीतला कोरलेला नंबर वाचा. आरशात दिसावा तसा उलटा असेल तर तो रेकॉर्ड दाबायचा स्टॅम्पर. सरळ असेल तर मदर, म्हणजे ज्यावरून स्टॅम्पर काढतात तो साचा. चिकटलाच नाही तर बहुधा मुलामा दिलेलं व्हिनाइल. फ्रेमच्या खालच्या पट्टीवर काही लिहिलेलं नसेल, तर कोणाला आणि कशासाठी दिली याचा पुरावाच नाही. मागे पत्र किंवा जुना फोटो नसेल तर ती शोभेची वस्तू म्हणून घ्या.

पेठकर७८: बुधवारी चुंबक घेऊन जातो. दोन्हींचे मिळून १२ म्हणेन.

धावपट्टी: आधी ८ म्हणा.