प्रतिसाद: रोल धुण्याचं काय?
‘डिजिटल फोटोतला रंग काढला की कृष्णधवल झालाच, मग फिल्म कशाला?’ हा चर्चेत आलेला प्रश्न रास्त आहे. पण फरक नुसत्या रंगाचा नाही. डिजिटलमध्ये आकाश एकदा पांढरं फटक पडलं की तिथला तपशील गेला. निगेटिव्ह फिल्म मात्र जास्त उजेड बराच पचवते. तिचं दुखणं सावलीत आहे. सावलीला प्रकाश कमी पडला तर निगेटिव्हवर तिथे काचेसारखी कोरी, पारदर्शक जागा उरते, मग प्रिंटमध्ये काहीही करा. म्हणून मीटर (प्रकाश मोजायचं साधन) सावलीवर धरायची सवय लागते. लेन्सवर लावायचा पिवळा किंवा लाल फिल्टरही फोटो काढतानाच ठरवावा लागतो, नंतर स्लायडर सरकवून नाही. मला तरी हे बंधन आवडतं.

रोल धुण्याबद्दल, म्हणजे रसायनांनी फिल्मवरचं चित्र उमटवण्याबद्दल, इथे कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. एचपी५ प्लस ही इलफर्डची कृष्णधवल फिल्म डी-७६ या डेव्हलपरच्या (चित्र उमटवणाऱ्या रसायनाच्या) मूळ, पाणी न मिसळलेल्या द्रावणात २० अंश सेल्सिअसला साधारण साडेसात मिनिटं घेते. आपल्याकडे मे महिन्यात नळाचंच पाणी ३० च्या आसपास! तापमान वाढलं की वेळ घटतो, आणि तो पाच मिनिटांच्या खाली गेला की डेव्हलपिंग असमान होण्याची भीती. टबात बर्फ टाकून त्यात बाटल्या ठेवा, आणि फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) व शेवटी फिल्म खळबळायचं पाणीही त्याच तापमानाला आणा. लोक नेमकं हेच विसरतात.

एवढा खटाटोप नको असेल तर एक्सपी२ सुपर ही कृष्णधवल फिल्म घ्या. ती लॅबमध्ये रंगीत रोल धुण्याच्या सी-४१ या प्रक्रियेतच धुतली जाते. फक्त लॅबवाल्याला आधी विचारा, रसायन ताजं आहे का.