एप्रिलमधील पोर्तुगाल : गाडी घ्यावी की रेल्वेने जावे?
(वसईतील आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस झालेली चर्चा)

ए-१०३, ताई : सी-४०१ च्या काका-काकूंना नमस्कार. आपण दोघे गेल्या एप्रिलमध्ये पोर्तुगाल गाडीने फिरून आलात, हे परवा गच्चीवरच्या कार्यक्रमात कळले. आम्हा दोघांचाही पुढच्या वसंतात जाण्याचा विचार आहे आणि हाताशी पंधरा-सोळा दिवस आहेत. सहल कंपनीने दिलेल्या आराखड्यात लिस्बन, पोर्तो आणि दक्षिणेचा आल्गार्व्ह किनारा एवढेच असून मधला प्रवास रेल्वेचा आहे. गाडी भाड्याने घेण्याची खटपट करावी का, हे कृपया सांगावे.

सी-४०१, काकू : अवश्य करावी, पण लिस्बन आणि पोर्तो या दोन शहरांपुरती गाडी नको. दोन्ही शहरे चढ-उतारांवर वसलेली आहेत, जुन्या भागातल्या गल्ल्या अरुंद आहेत आणि गाडी उभी करायला जागा शोधण्यातच अर्धा दिवस जातो; शिवाय तिथे मेट्रो आणि ट्राम उत्तम आहेत. आम्ही लिस्बनमध्ये तीन दिवस पायी फिरलो, चौथ्या दिवशी गाडी ताब्यात घेतली, दहा दिवसांनी ती पोर्तोला परत केली आणि तिथून रेल्वेने तीन-साडेतीन तासांत पुन्हा लिस्बनला आलो. या प्रवासातले जे आज डोळे मिटले तरी दिसते, ते सगळे त्या दहा दिवसांतले आहे, म्हणून सहल कंपनीच्या आराखड्यातून नेमका तोच भाग गळावा याचे मला वाईट वाटते.

आलेंतेजो प्रांताचेच पाहा. लिस्बनहून पूर्वेला एव्होराकडे निघाले की तासाभरात बुचाच्या ओकची राने लागतात. या झाडाची साल काढली की उघडे पडलेले खोड तांबूस दिसते आणि त्यावर पांढऱ्या रंगात एकच आकडा लिहिलेला असतो. तो साल काढल्याच्या वर्षाचा शेवटचा अंक असतो, कारण एकदा सोललेल्या झाडाला पुन्हा हात लावण्यापूर्वी नऊ वर्षे थांबावे लागते. आम्ही मुद्दाम गाडी कडेला घेऊन ते आकडे वाचले. एप्रिलमध्ये त्या झाडांखाली पिवळ्या आणि जांभळ्या रानफुलांची चादर असते. जुलै-ऑगस्टमध्ये तीच जमीन करपून जाते, असे आमच्या घरमालकीणबाई सांगत होत्या. या बाईंनी पहिल्या संध्याकाळी हातात किल्ली देताना ‘शाव्ह’ असा शब्द उच्चारला, आणि आपली चावी कुठून आली हे त्या क्षणी माझ्या लक्षात आले. पाव, बटाटा, बादली, साबण, कोबी हे सगळे शब्द पुढे दुकानांत आणि स्वयंपाकघरांत एकेक करून भेटत गेले.

तिथून आम्ही पश्चिमेच्या किनाऱ्यावर काबु सार्दांवला गेलो. तिथे समुद्रात उभ्या असलेल्या खडकांच्या सुळक्यांवर पांढरे करकोचे घरटी बांधतात. हा पक्षी एरवी घराच्या धुराड्यावर, चर्चच्या मनोऱ्यावर किंवा विजेच्या खांबावर घरटे करतो. खाली लाटा फुटत असताना कड्यावर पिल्ले वाढवणारा करकोचा मी प्रथमच पाहिला. एप्रिलमध्ये ती घरटी भरलेली असतात.

बी-२०२, दादा : काकू, आपल्याविषयी आदर राखून थोडे वेगळे मत मांडतो. आम्ही मुलांसह ऑगस्टमध्ये गेलो होतो आणि आठ दिवस फक्त आल्गार्व्हमध्ये राहिलो. लागुशजवळचे पिवळसर कडे, त्यांतल्या गुहा आणि स्वच्छ पाणी यांना तोड नाही. ताईंनी तो भाग कमी करू नये.

सी-४०१, काकू : मुले बरोबर असतील आणि पोहायचे असेल, तर आपले म्हणणे योग्यच आहे. मात्र एप्रिलमध्ये अटलांटिकचे पाणी इतके थंड असते की आम्ही घोट्यापलीकडे उतरलो नाही. ताई दोघेच जाणार आहेत, म्हणून मी लागुशला दोन रात्री सुचवेन. पोंता दा पिएदादेचे कडे एका सकाळी पाहून होतात आणि दुसऱ्या दिवशी साग्रेश व काबु दे सांव व्हिसेंत ही नैर्ऋत्येची टोके पाहता येतात. तिथे वारा फार असतो, जाड जाकीट जवळ असावे.

वाचलेले दिवस मध्य पोर्तुगालला द्यावेत, कारण तिथे एकेका गावातले अंतर तासाभराचेही नाही. ओबिदुश हे तटबंदीतले गाव दिनिश राजाने इसाबेल राणीला लग्नाची भेट म्हणून दिले होते. तटावरून चालता येते, पण आतल्या बाजूला कठडा नाही, त्यामुळे ज्यांना चक्कर येते त्यांनी वर चढू नये. आल्कोबासाच्या मठात पेद्रू राजा आणि त्याची प्रेयसी इनेश यांच्या समाध्या पायाशी पाय अशा ठेवलेल्या आहेत, ते उठतील तेव्हा पहिली नजर एकमेकांवर पडावी म्हणून, असे तिथले लोक मानतात. इनेशची हत्या १३५५ मध्ये पेद्रूच्या वडिलांच्या आज्ञेने झाली होती. मी त्या दोन दगडी मूर्तींसमोर बराच वेळ बसून होते. तोमार, कोइंब्रा आणि आव्हेइरू यांविषयी स्वतंत्र लिहीन; तिन्ही ठिकाणी एकेक मुक्काम पुरेसा आहे.

नाझारेला मात्र खास थांबावे. राक्षसी लाटांसाठी ते जगभर ओळखले जाते, पण त्या लाटा ऑक्टोबर ते मार्चमधल्या. समुद्रतळाशी असलेली खोल घळ थेट किनाऱ्याजवळ येते, म्हणून त्या इतक्या उंच उठतात. एप्रिलमध्ये आम्हाला त्या दिसल्या नाहीत. त्याऐवजी वाळूवर लाकडी चौकटींना जाळ्या ताणून त्यांवर फाडलेले मासे वाळत घालणाऱ्या बायका दिसल्या, आणि आपल्या पाचूबंदरला बोंबील वाळत घातलेले असतात तसाच वास आला. त्यांची भाषा येत नसतानाही मी त्यांच्याजवळ अर्धा तास उभी होते.

ए-१०३, ताई : काकू, मन भरून आले. परवाना, टोल आणि शाकाहारी जेवण यांविषयीही सांगाल का?

सी-४०१, काका : परवान्याचे मी सांगतो. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय चालक परवाना घ्यावा. तो एक वर्ष चालतो, आणि मूळ परवाना बरोबर ठेवावा लागतो. तिथे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात, म्हणून पहिला दिवस महामार्गावरच काढावा. तिथली वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. बहुतेक गाड्या हाताने गिअर बदलण्याच्या असतात, त्यामुळे ऑटोमॅटिक हवी असल्यास आधीच नोंदवावी. काही मार्गांवर टोलनाकेच नसतात, वरचे कॅमेरे नोंद करतात, म्हणून गाडीत टोलचे यंत्र आहे ना, याची खात्री करावी. आल्गार्व्हमधल्या ए-२२ मार्गावरचा टोल १ जानेवारी २०२५ पासून रद्द झाला आहे. गाडी घेताना चारही बाजूंचे फोटो काढावेत. आमच्याकडून एका जुन्या ओरखड्याचे पैसे मागितले गेले होते आणि फोटो दाखवल्यावरच ती मागणी मागे घेण्यात आली.

जेवणाचे असे की, टेबलावर बसताच न मागता पाव, ऑलिव्ह आणि चीज आणून ठेवतात. ते फुकट नसते. खाल्ले तर बिलात येते, नको असेल तर हात न लावता परत करावे. काल्दू व्हेर्द या बटाटा आणि हिरव्या पाल्याच्या सुपात सॉसेजची चकती असते, म्हणून मागवतानाच विचारावे.

डी-३०१, आजोबा : सर्व संदेश वाचले. मी रोज सकाळी किल्ल्यात फिरायला जातो आणि चिमाजी अप्पांच्या पुतळ्यासमोर हात जोडतो. १७३९ मध्ये ज्यांच्याकडून ही वसई सोडवण्यासाठी इतके रक्त सांडले, त्यांच्या देशात जाऊन राजवाड्यांचे कौतुक करताना मनाला काही टोचत नाही का? हा प्रश्न रागाने नव्हे, तर खरोखर जाणून घेण्यासाठी विचारत आहे.

सी-४०१, काकू : आजोबा, टोचले. लिस्बनच्या बेलें भागातल्या जेरोनिमुश मठात वास्को द गामाची समाधी आहे. त्या मठाच्या बांधकामाला पूर्वेकडच्या मसाल्यांच्या व्यापारावरील कराचा पैसा लागला, हे ठाऊक असल्यामुळे तिथले कोरीव काम पाहताना मला निर्भेळ आनंद झाला नाही, आणि तसा व्हावा असेही वाटले नाही.

पण आम्ही २५ एप्रिलला मुद्दाम लिस्बनमध्ये होतो. १९७४ मध्ये त्या दिवशी तिथल्या सैनिकांनी अठ्ठेचाळीस वर्षांची हुकूमशाही उलथवली आणि लोकांनी त्यांच्या बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुले खोवली. त्याच हुकूमशाहीने १९६१ पर्यंत गोवा सोडला नव्हता आणि त्यानंतरही तो भारताचा असल्याचे मान्य केले नव्हते. ती पडल्यावर त्याच वर्षीच्या डिसेंबरात पोर्तुगालने करार करून गोवा, दमण, दीव आणि दादरा-नगर हवेलीवरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. दुपारच्या मिरवणुकीत एका वृद्ध बाईंनी मला एक फूल दिले आणि विचारले, ‘कुठून?’ मी वसई न म्हणता त्यांच्या नकाशांवरचे ‘बासाइं’ हे नाव सांगितले. त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. त्या काही बोलल्या नाहीत, मीही बोलले नाही.

डी-३०१, आजोबा : हे मला ठाऊक नव्हते. ते फूल जपून ठेवले आहे का?

सी-४०१, काकू : वहीत ठेवले आहे, आजोबा. उद्या किल्ल्यावर येताना घेऊन येईन.

ए-१०३, ताई : आम्ही २५ एप्रिल लिस्बनलाच ठेवतो आणि आल्गार्व्हचे दिवस दोनवर आणतो. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो असे वाचले, तेव्हा ऑक्टोबरअखेरीस कागद जमवते.

सी-४०१, काकू : त्या आठवड्यात सुट्टी असल्यामुळे लिस्बनमधली खोली सर्वांत आधी ठरवावी. आमच्या नकाशावर मुक्काम लाल पेन्सिलीने खुणावले आहेत. तो संध्याकाळी आणून देते.