मदत हवी आहे: टोटेम पोलला (इथल्या आदिवासींचे कोरीव लाकडी खांब) मराठीत काय म्हणू?

पुढच्या महिन्यात आई कॅनडात, व्हँकुव्हरला येतेय. तिला यूबीसीच्या (ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या) आवारातला रिकन्सिलिएशन पोल, म्हणजे समेटाचा खांब, दाखवायचाय. हैडा या इथल्या आदिवासी समाजाचे शिल्पकार जेम्स हार्ट यांनी ८०० वर्षांच्या लाल सीडरमधून कोरलेला, २०१७ साली लोकांनी दोर ओढून उभारलेला. गोष्ट खालून वर वाचायची. मध्ये निवासी शाळेचं घर (आदिवासी मुलांना घरच्यांपासून तोडून जिथे ठेवायचे ती शाळा) आणि ठोकलेले तांब्याचे खिळे, तिथे दगावलेल्या मुलांसाठी. ते जवळून पाहिले तेव्हा माझ्याने बोलवेना.

पण आईला सांगताना शब्दाशी अडतंय. ‘देवक’ म्हणावं तर कुळाची खूण हा अर्थ जुळतो, पण देवक आपण पुजतो, हे खांब पूजेचे नव्हेत. ‘कीर्तिस्तंभ’ तर नकोच. ‘कुळखांब’ चालेल? की ‘कथाखांब’? तुम्ही घरच्या वडीलधाऱ्यांना कसं समजावलंत, सांगाल का?