श्वासपटलाला जन्मजात छिद्र: शस्त्रक्रिया लगेच का करत नाहीत?

प्रश्न
माझ्या वहिनींच्या 20व्या आठवड्यातील सोनोग्राफीत बाळाच्या श्वासपटलाला (छाती व पोट यांमधील स्नायूच्या पडद्याला) डाव्या बाजूला छिद्र असून जठर व आतडी छातीत सरकल्याचे आढळले. जन्मानंतर बाळ स्थिर झाल्यावरच शस्त्रक्रिया करू, असे डॉक्टर म्हणतात. फुप्फुसांवर दाब असताना थांबणे धोक्याचे नाही का? गर्भातच काही उपाय करता येतो का?

प्रतिसाद 1
आपली काळजी स्वाभाविक आहे, परंतु या आजारात जिवाला खरा धोका छिद्रापेक्षा अपुऱ्या वाढलेल्या फुप्फुसांचा आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांतील वाढलेल्या दाबाचा असतो. श्वासपटल गर्भाच्या साधारण 8 ते 10 आठवड्यांत पूर्ण होते. ते मागच्या बाजूला उघडे राहिले की पोटातील अवयव वर जातात आणि फुप्फुसांची वाढ खुंटते. पूर्वी जन्मताच शस्त्रक्रिया करीत, पण छिद्र शिवल्याने फुप्फुस एका दिवसात वाढत नाही, हे हळूहळू लक्षात आले. म्हणून आता जन्मल्यावर श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटरने कमीत कमी दाबाने श्वास देतात, जठरातील हवा नाकातील नळीवाटे काढून घेतात आणि रक्तदाब व ऑक्सिजन स्थिरावल्यावर शस्त्रक्रिया करतात. मुखवटा लावून फुग्याने श्वास देणे मात्र कटाक्षाने टाळतात, कारण ती हवा आतड्यांत शिरून दाब आणखी वाढवते. प्रसूती नवजात अतिदक्षता विभाग आणि बालशल्यचिकित्सक असलेल्या रुग्णालयातच व्हावी, हे मी आग्रहाने सांगेन.

प्रतिसाद 2
गर्भातील उपायाबद्दल: दुर्बिणीतून बाळाच्या श्वासनलिकेत छोटा फुगा बसवतात, म्हणजे फुप्फुसातील द्रव आतच साठून त्याच्या दाबाने फुप्फुस वाढते, 34व्या आठवड्याच्या सुमारास तो काढतात. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, डाव्या बाजूचा तीव्र दोष असलेल्या बाळांपैकी घरी जाईपर्यंत जगलेल्यांचे प्रमाण या उपचाराने 15 वरून 40 टक्क्यांवर गेले. मध्यम दोषात तसा स्पष्ट लाभ दिसला नाही, आणि अकाली प्रसूतीचा धोका मात्र वाढला. त्यामुळे आधी फुप्फुसाच्या आकाराचे मोजमाप करून तीव्रता ठरवावी लागते.

प्रतिसाद 3
शस्त्रक्रियेत अवयव पोटात आणून लहान छिद्र टाके घालून बंद करतात. मोठ्या छिद्राला कृत्रिम पडद्याचे ठिगळ लागते. मूल वाढते, ठिगळ वाढत नाही, म्हणून हर्निया (अवयव छिद्रातून छातीत सरकणे) पुन्हा होण्याची शक्यता ठिगळ लावलेल्यांत अधिक असते. जठरातील आम्ल वर येणे, वजन कमी भरणे, ऐकू कमी येणे यांसाठीही काही वर्षे नियमित तपासणी करावी लागते. वहिनींच्या पुढच्या भेटीत फुप्फुसाचे मोजमाप, यकृत छातीत आहे का आणि हृदयाचा वा गुणसूत्रांचा दोष आहे का, हे अवश्य विचारावे.