जे. सी.चा जेसी झाला तो असा
अमेरिकेतल्या अलाबामा राज्याच्या नामवंतांची एक यादी वाचली. तिच्यात नागरी हक्कांसाठी लढणारी रोझा पार्क्स आणि अंध-बहिरी लेखिका हेलन केलर आहेत, पण धावपटू जेसी ओवेन्स राहिलाय. तो हवाच!

जन्म 1913 चा, ओकव्हिल गावचा. आजोबा गुलाम, वडील दुसऱ्याच्या शेतात वाट्याने राबणारे. खरं नाव जेम्स क्लीव्हलँड, घरी हाक मारायचे ‘जे. सी.’. तो नऊ वर्षांचा असताना कुटुंब ओहायोतल्या क्लीव्हलँडला गेलं. नव्या शाळेत बाईंनी नाव विचारलं. पोराने दक्षिणी हेल काढून ‘जे. सी.’ सांगितलं, बाईंना ऐकू आलं ‘जेसी’. तेच वहीत चढलं आणि 1936 साली बर्लिन ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदकांसोबत जगभर गाजलं. आईवडिलांनी ठेवलेलं नाव असं एका हजेरीत पुसलं गेलं, याची मला फार हळहळ वाटते.

एक दुरुस्ती. यादीत शेतीशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हरचा जन्म अलाबामाचा दिलाय, तो मात्र मिसूरी राज्यातला. पण 1896 मध्ये तो अलाबामातल्या टस्कीगीला शिकवायला आला आणि 1943 मध्ये तिथेच वारला. सगळी हयात अलाबामाच्या कसहीन मातीसाठी घालवली, तेव्हा नाव काढू नका, फक्त जन्मस्थळ बदला. रोझाही टस्कीगीचीच, जन्म 1913 चाच. माहेरचं आडनाव मॅकॉली.