उत्तर: मराठीत दोन शब्द आहेतच

कुणी म्हटलंय की चर्च म्हणजे इमारतच, मराठीत तिथे जमणाऱ्या ख्रिस्ती लोकांसाठी वेगळा शब्द नाही. हे मला अजिबात पटत नाही. मराठी बायबलमध्ये लोकांसाठी 'मंडळी' हा शब्द सरसकट येतो. मूळ ग्रीक 'एक्लेसिया' म्हणजे जमलेली सभा. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या १६व्या अध्यायात प्रेषित पौल हा प्रिस्किल्ला आणि अक्विला यांच्या घरातल्या मंडळीला सलाम सांगतो. घरातली! तिथे दगडी इमारत कुठून येणार? आणि इमारतीला आमच्या आज्या सरळ 'देऊळ' म्हणायच्या: "देवळात चाललेय, भाकरी झाकून ठेवलीय."

ऑगस्ट २०१९च्या महापुरात सांगलीत आमच्या देवळात पाणी शिरलं. बाकं फुगली, गीतांची पुस्तकं चिखलात गेली. त्या रविवारी आम्ही मिरजेला एका घराच्या गच्चीवर जमलो. प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण करण्याच्या विधीची, भाकर स्टीलच्या ताटलीत होती, पेटी नव्हती, गाणी तोंडपाठ म्हटली. पाळकांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, नेहमीसारखंच "मंडळीतील आजाऱ्यांसाठी" प्रार्थना केली आणि नावं घेतली. तरी इमारत नुसत्या भिंती असं मी म्हणणार नाही. माझा बाप्तिस्मा तिथलाच. पाणी ओसरल्यावर गाळ उपसताना वेदीपाशी सगळ्यांनाच रडू आलं.