वेदनेचं शास्त्र ऑनलाइन शिकता येतं का?

द्राक्षवेल (फिजिओथेरपिस्ट, तासगाव):
परवा आमच्या ग्रुपवर एका ज्येष्ठ डॉक्टरांनी लिहिलं, "पेशंटच्या अंगाला हात न लावता वेदना शिकणं म्हणजे विहिरीच्या काठावर बसून पोहणं." मी एडिनबरा विद्यापीठाचा वेदना व्यवस्थापनाचा ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रम करतेय, त्यामुळे ते मला फार लागलं. उत्तर इथे देते.

द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर विरळणी, डिपिंगला (घड औषधात बुडवायला) जाणाऱ्या बायका माझ्याकडे येतात. मंडपाखाली दिवसभर मान वर, हात वर. शेक आणि व्यायामाने बऱ्याच जणींना उतार पडतो. काही मात्र महिन्याभरात परत येतात. त्या का येतात, हे मला फिजिओथेरपीच्या साडेचार वर्षांच्या पदवीत (बीपीटी) कुणी शिकवलं नाही. वेदना हा वेगळा विषयच नव्हता.

या अभ्यासात मानसशास्त्रज्ञ मेलझॅक यांची १९७५ ची मॅकगिल प्रश्नावली आली. दुखण्याचं वर्णन पेशंट ज्या शब्दांत करतो, त्या शब्दांवरच ती उभी आहे. मी वहीत आपले शब्द लिहायला घेतले. ठणका, ठसठस, कळ, चमक, आग, मुंग्या, शिणक. गेल्या महिन्यात एक आजी खांदा दुखतोय म्हणून आल्या. म्हणाल्या, "पदर लागला तरी आग होतीया बघा." आग हा शब्द ऐकून मी थांबले आणि विचारलं, तेव्हा कळलं की चार महिन्यांपूर्वी तिथे नागीण उठून गेली होती. दुखणं खांद्याचं नव्हतंच, नसेचं होतं. पूर्वी मी तिथे शेक दिला असता. या वेळी फिजिशियनकडे चिठ्ठी दिली.

भूल_मिरज (भूलतज्ज्ञ):
ते वाक्य माझं नाही, पण मला पटतं. नागिणीचं विचारायला परदेशी पदवी कशाला? नीट हिस्टरी घेतली की ते कळतं. पाठीच्या मणक्यात एपिड्युरल देताना सुई योग्य जागी पोचली की सिरिंजमागचा दाब एकदम सुटतो. ते अंगठ्याला कळतं, स्क्रीनला नाही. मला ते कळायला वरिष्ठ शेजारी उभे असताना दिलेली कित्येक इंजेक्शनं लागली. दुसरं, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२० च्या नियमांनी आपल्याकडे वैद्यक, फिजिओथेरपी, नर्सिंग ऑनलाइन शिकवायला मनाई आहे, ती उगीच नाही. उद्या असा कोर्स केलेला कुणीही 'पेन क्लिनिक'ची पाटी लावेल आणि भोगायचं पेशंटने.

द्राक्षवेल:
सर, सुई माझ्या कामात बसत नाही आणि मी ती धरणारही नाही. पण सगळी वेदना सुईने जात नाही. आंतरराष्ट्रीय वेदना संघटनेने २०२० मध्ये सुधारलेल्या व्याख्येत वेदनेला संवेदनेइतकाच भावनेचाही अनुभव म्हटलं आहे. ऊसतोडीला आलेला माणूस एमआरआयची पिशवी घेऊन येतो. "गादी सरकलीय, आता वाकायचं नाही म्हणून सांगितलंय." ज्यांना काडीचंही दुखत नाही अशा कित्येकांच्या एमआरआयमध्येही गादी थोडी बाहेर आलेली दिसते, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. भीतीने तो वर्षभर वाकत नाही, पाठ आखडते, दुखणं वाढतं. हे त्याला कसं समजवायचं, ते मी रात्री साडेनऊला लॅपटॉपसमोर बसूनच शिकले.

रात्रपाळी (स्टाफ नर्स, सातारा):
ताई, शिकण्याला विरोध नाही. पण फी पौंडांत आणि पगार आमचा हा असा. आमच्या वॉर्डात वेदनेचा शून्य ते दहा असा चार्ट आहे. पहाटे चारला सगळ्यांच्या रकान्यात 'दोन' लिहिलेलं मी पाहिलंय, कारण तीस पेशंटना एकच सिस्टर. ऑपरेशनचा पेशंट कण्हत असतो आणि कागदावर मात्र दोन. त्याला पदवी काय करणार? आधी माणसं द्या.

आटपाडीकर:
मी डॉक्टर नाही. वडिलांचा कॅन्सर हाडांत गेला होता. "घरी न्या" म्हणून सांगितलं. शेवटचे दोन महिने ते उशीचा कोपरा दातांत धरून झोपायचे. मॉर्फिन या तीव्र वेदनेवरच्या औषधाचं विचारलं तर एक डॉक्टर म्हणाले सवय लागेल, दुसरे म्हणाले कायद्याची भानगड नको. कायदा २०१४ मध्येच सुटसुटीत झाला होता, हे मला ते गेल्यावर कळलं. तिरुअनंतपुरमची पॅलियम इंडिया ही दुखणं कमी करण्याचं काम करणारी संस्था हे सगळं डॉक्टर-नर्सना ऑनलाइनही शिकवते. आमच्या तालुक्यातला एक डॉक्टर जरी संध्याकाळी मोबाइल घेऊन ते शिकला असता, तर वडिलांच्या त्या रात्री तशा गेल्या नसत्या. मिरजेच्या साहेबांना हात जोडून सांगतो, अंगठ्याला जे कळतं ते मोठंच आहे, पण आमच्यापर्यंत तो अंगठा पोचलाच नाही.

भूल_मिरज:
वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. मॉर्फिनची मात्रा कशी वाढवायची, बद्धकोष्ठाचं औषध पहिल्या दिवसापासून का द्यायचं, हे ऑनलाइन शिकता येतं, मान्य. ते प्रत्येक तालुक्यात शिकवायला हवं. पदवीबद्दल मात्र माझं मत तेच आहे. द्राक्षवेल, गुरुवारी माझी वेदनेची ओपीडी असते. येऊन उभ्या राहा, पेशंटला हात लावून बघा.

द्राक्षवेल:
येते सर. वही घेऊन येते.